चौथ्या भागाची राखणदारीण

रविवार, ३ मार्च

लेक आज खोकं घेऊन आली. दर रविवारी येते, पण खोकं प्रथमच. म्हणून तिच्याआधी खोक्याकडे पाहिलं. आत एक काळं यंत्र, वायरींचा गुंता आणि दोन शिंगांचं, बटणांनी भरलेलं एक खेळणं. त्याला कंट्रोलर म्हणतात.

तिच्या कंपनीत व्हिडिओ गेम तयार होतो आहे. ती तिथं झाडांना रंग देते, निदान मला तरी तसंच सांगितलेलं आहे. गेम ॲनिमे पद्धतीचा: मोठ्या डोळ्यांची मुलगी, मोठी तलवार, राक्षस. सहा भाग तयार आहेत, मालकाला पाचच हवेत. चौथा किंवा पाचवा, एक जाणार. ज्याचा भाग जाईल तो माणूसही जाणार. हा निवाडा करायला आयुष्यात कधी गेम न खेळलेली पंधरा माणसं हवी आहेत. प्रत्येक भागाला दहापैकी गुण, पुढे शेरा.

“घरची माणसं चालतात?” मी विचारलं.

“चालतात. फक्त कुठला भाग कुणी केला ते सांगायचं नाही.”

“तुझी झाडं तर सगळ्याच भागांत असतील.”

“हं,” म्हणाली आणि चहाच्या कपात बघत राहिली.

मुलींच्या वसतिगृहात मी एकतीस वर्षं रेक्टर होते. ‘हं’ म्हणजे ‘हो’ नव्हे, एवढं मला कळतं. काहीतरी लपवते आहे.

“पण मीच का?”

“तुला खोटं बोलता येत नाही म्हणून.”

ही स्तुती की तक्रार, तपासावं लागेल.

मंगळवार, ५ मार्च

वेळ ठरवली: सकाळी नऊ ते अकरा. वही आखली: दोष, गुण, शेरा. पेन शोधण्यात दहा मिनिटं गेली. शेवटी हे म्हणाले, “अंबाड्यात बघ.” तिथंच होतं. काखेत कळसा.

(हे सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झाल्यापासून शब्दकोडी सोडवतात आणि मी काही करायला बसले की ग्रंथालयात निघतात. आज का, ते सांगू लागले. “कारण नको, वेळ सांगा,” म्हटलं. साडेअकरा म्हणाले, बाराला पाच मिनिटं असताना उगवले.)

आता गेम. नायिका सोळा-सतराची, डोळे बशीएवढे, केसांचा रंग फरशी पुसायच्या औषधासारखा. डोंगरात लांडगे मारायला निघाली आहे आणि गुडघे उघडे. तलवार तिच्याहून वीतभर लांब. नाकापेक्षा मोती जड. हे सगळं ‘दोष’ या रकान्यात.

पहिल्या फाटकापर्यंत पोचायच्या आत नऊ वेळा मेले. चार वेळा लांडग्यानं, पाच वेळा स्वतःच कड्यावरून उडी मारून, कारण उडीचं बटण आणि बोलायचं बटण शेजारी शेजारी आहे.

एक गुण मात्र मान्य करते. शत्रूचा घाव नेमका येतो त्या क्षणी बाजूला झालं की सगळं जग थबकतं. पानं हवेत उभी राहतात, आवाज बुडतो आणि आपल्याला विचार करायला एक श्वास मिळतो. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी “अस्सं!” असं मोठ्यानं म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं.

गुरुवार, ७ मार्च

दुसऱ्या भागात एक चकचकीत पेटी दिसली. उघडली की नवी सोबतीण मिळते म्हणे, पण कोणती ते नशिबावर. पुन्हा उघडायची तर खरे पैसे. हा सरळ जुगार आहे, फक्त त्याला झालर लावली आहे. लेकीला लगेच फोन केला.

“आई, त्या पेटीवरून मीही भांडले तिथं.”

“झाडं रंगवणारीचं कोण ऐकतं?”

“हं.”

पुन्हा हं!

आणखी दोष: गावातला दुकानदार कमरेपर्यंत भिंतीत रुतलेला आहे. तशा अवस्थेत “या, या, आज ताजा माल आहे” म्हणतो. एवढी जगाची तारणहार मुलगी, पण रस्त्यात भेटेल तो तिला दहा आळंबी आणायला पिटाळतो. आणून दिली की म्हणतो आणखी दहा. हे म्हणाले, “तारणहार असो की कोणी, बाईमाणूस दिसलं की काम सांगायचंच.” हे वाक्य यांच्या तोंडी शोभत नाही, पण खरं आहे.

यंत्रावर एक हिरवा दिवा सतत चालू असतो. मला शंका आहे की ते माझ्याकडे पाहतं. रुमाल टाकला.

“तो नुसता दिवा आहे गं,” हे म्हणाले.

“तुम्हाला कसं माहीत?”

त्यांना माहीत नव्हतं.

शनिवार, ९ मार्च

तिसरा भाग संपला. सात गुण. संगीत चांगलं आहे. घोडा पाण्यातून जातो तेव्हा वाद्य एकच वाजतं आणि पुरेसं होतं. दोष: नकाशा. यांनी चष्मा काढून नकाशा पाहिला आणि दहा मिनिटं सर्वेक्षण खात्याच्या वतीनं हळहळले. उत्तर दिशा कुठं तेच दिलेलं नाही.

सोमवार, ११ मार्च

चौथा भाग. इथं मात्र माझं डोकं फिरलं.

एक उंच मनोरा, आत मुली शिकतात. नायिकेला बाहेर जायचं आहे आणि फाटकात एक राखणदारीण उभी आहे. नऊ फूट उंच, राखाडी वस्त्रं, केस इतके घट्ट बांधलेले की भुवया वर ओढल्या गेल्या आहेत. अंबाड्यातून भाल्याएवढी लेखणी उपसते आणि तिनंच मारते. डाव्या हातात भलंमोठं हजेरीपुस्तक, ती तिची ढाल. दिवे लागले की फाटक बंद. या भागात बोलायचं बटण काढूनच टाकलं आहे; नायिका काही म्हणायला तोंड उघडते तोच ती गरजते, “कारण नको! वेळ सांग!” आणि घाव घालते.

किती उद्धट! मुलींशी असं बोलतात?

अंबाड्यात लेखणी ही तर शुद्ध अतिशयोक्ती. चार वेळा हरले.

बुधवार, १३ मार्च

आज आणखी आठ वेळा खेळले, शेवटी जिंकले. तिचे तीन घाव ठरलेले आहेत: लेखणी, पुस्तक, मग पुन्हा लेखणी. तिसऱ्याला बाजूला व्हायचं.

हे मागे खुर्ची ओढून बसले होते.

“ही बाई कुठंतरी पाहिल्यासारखी वाटते,” म्हणाले.

“कुठं?”

“आठवत नाही बुवा.” आणि चहा नाकात गेल्यासारखे खोकत सुटले. डोळ्यांतून पाणी आलं. यांनाही काहीतरी माहीत आहे.

मी विचार केला. माझ्यानंतर वसतिगृहात जी रेक्टर आली ती अशीच होती, मुलींवर खेकसणारी. तिच्यावरूनच घेतली असणार. कंपनीत तिची कोणी जुनी विद्यार्थिनी असेल. विचारून पाहायला हवं.

पण जिंकून आनंद झाला नाही, हेही लिहिते. राखणदारीण गुडघ्यावर येते, पुस्तकाची पानं उडून जातात, फाटक उघडतं आणि नायिका बाहेर चालू लागते. मागं वळूनसुद्धा पाहत नाही. मला ते बरोबर वाटलं नाही. काय बरोबर वाटलं नाही, हे सांगता येईना. म्हणून तो भाग पुन्हा लावला.

दुपारी पाचवाही खेळून टाकला. राजपुत्र, उडतं जहाज, रंगीत स्फोट. एका तासात खेळ खलास. कुठं अडलं नाही, कुठं खुपलं नाही. नऊ गुण. शेऱ्यात लिहायला काही सुचलं नाही.

रविवार, १७ मार्च

लेक आली. चप्पल काढतानाच म्हणाली, “चौथा झाला?”

“झाला. पाचवाही झाला.”

पाचव्याबद्दल अवाक्षर नाही. माणूस जे टाळतो तिथंच पाणी मुरतं. तिच्या कंपनीत एक दाढीवाला आहे. मागे एकदा तिला सोडायला आला होता, दोघं कोपऱ्यावर बराच वेळ हसत होते. पाचवा त्याचाच असणार. आईनं बरे गुण द्यावेत म्हणून हे खोकं घरात आलं, असा माझा कयास.

“राखणदारीण कशी वाटली?” तिनं विचारलं.

“असह्य.”

ती नखानं टेबलाचा कोपरा खरवडत राहिली. लहानपणापासूनची सवय.

“का असह्य?”

“दार बंद का करते ते एका शब्दानं सांगत नाही. अशी बाई असूच शकत नाही. कुठल्याही नियमामागं काही असतं.”

“मुलीला कधी कळलंच नसेल, काय असतं ते.”

“मग विचारायचं!”

“विचारणार कसं, आई? त्या भागात बोलायचं बटणच नाहीये.”

“तोच तर दोष आहे,” मी म्हटलं. “लिहिणारीला अक्कल नाही.”

हे आतून ओरडले, “जेवायला चला आता!” अजून साडेबाराही वाजले नव्हते.

ती गेल्यावर विचार करत बसले. चार वर्षांपूर्वी हे घर सोडून ती तीन बसथांबे पलीकडे खोली घेऊन राहायला लागली, त्यालाही संध्याकाळी सातच्या आत घरी यायची वेळच कारण झाली होती. सव्वीस वर्षांच्या बाईला सातचं बंधन कसलं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, हे घर आहे, धर्मशाळा नाही. ती कारणं सांगत होती, मी वेळ विचारत होते. आठवड्यात सामान हललं.

कारण मी का ऐकत नाही हे मात्र मला पक्कं माहीत आहे. रेक्टर झाले त्या पहिल्याच वर्षी एक मुलगी फाटकाशी येऊन म्हणाली, बाहेर जायचंय. मी कारण विचारलं. तिनं इतकं छान सांगितलं की मला पटलं आणि वेळ विचारायची राहिली. म्हणजे शोधायला कधी निघायचं, तेच मला कळलं नाही. ती सापडली तिसऱ्या दिवशी. जास्त लिहीत नाही. तिच्या वडलांना फोन मीच केला होता. त्यांनी पलीकडून किती आनंदानं “बोला बोला” म्हटलं, ते अजून ऐकू येतं.

हे मी लेकीला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात आहे काय?

बुधवार, २० मार्च

कागद पाठवले. लेकीच्या हाती द्यायचे होते, पण दाढीवाल्याच्या संशयामुळे कुरिअरनं थेट मालकाच्या नावानं धाडले. चौथा: दोन गुण. पाचवा: नऊ. नात्यागोत्याचा वास येऊ नये.

शेऱ्याला जागा कमी पडली. चौथ्या भागासाठी वेगळे कागद जोडावे लागले, एकूण चौदा पानं. त्यात राखणदारणी कशा असतात हे नीट समजावून दिलं. ‘माझ्या परिचयातील एका रेक्टरबाईंचा अनुभव’ म्हणून त्या मुलीची हकिगतही लिहिली, नाव-गाव न घालता. लेखिकेला उपयोग व्हावा एवढाच हेतू.

पावती यांना दाखवली. यांनी कोडं खाली ठेवलं.

“पाठवलंस? चौथ्याला किती दिलेस?”

“दोन.”

“अगं... चौथा तिनं लिहिलाय.”

“कोणी?”

“लेकीनं. झाडं सोडून तिला दोन वर्षं झाली. आता लिहिते ती. मला सांगितलं होतं, तुला सांगायचं नाही म्हणून वचन घेतलं होतं.”

“मला का नाही?”

“तू लगेच गुण द्यायला बसली असतीस म्हणून.”

“मी दिलेच की गुण!”

“तेच ना,” हे म्हणाले. “आणि हातच्या कंकणाला आरसा कशाला?”

कंकणाचा इथं काय संबंध, असं विचारलं. यांनी कोडं पुन्हा उचललं.

कंपनीचा नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवला. दोनदा. निकालानंतर नातं कळलं म्हणून गुण बदलायचे? वसतिगृहात एका मंत्र्याच्या पुतणीसाठी मी बदलले नाहीत. पण त्या पुतणीची नोकरी माझ्या हातून जाणार नव्हती.

दाढीवाल्याबद्दलचा कयास साफ चुकला. आणखी कुठं कुठं चुकले असेन?

संध्याकाळी केस विंचरायला आरशासमोर उभी राहिले. अंबाड्यातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. तिथंच बरं ते.

शुक्रवार, २२ मार्च

मालकाचा फोन आला, भेटायला याल का. गेले.

कापडाच्या गोदामावर तिसरा मजला. जिना अरुंद, आत पंचवीस माणसं कानांना बोंडं लावून पडद्यांत घुसलेली, एक जण पाय खुर्चीवर घेऊन. खिडकीत रिकामे कप, मोजले, सतरा. मालक चाळिशीचा, पायात स्लिपर. लेक दिसली नाही.

“बसा ना मॅडम. तुमची चौदा पानं वाचली.”

“गुण बदलणार नाही,” मी उभ्यानंच सांगितलं. “माझी मुलगी इथं आहे हे मला माहीत आहे. तिनं काय लिहिलंय हे परवा कळलं. दोनच गुण राहतील.”

“राहू द्या की. सगळ्यांनी पाचव्याला साडेआठ-नऊ दिलेत आणि चौथ्याला तीन-चार.”

“मग मला कशाला बोलावलंत?”

त्यानं पडदा माझ्याकडे फिरवला. “पाचवा भाग पंधराही जणांनी एकदा खेळला. परत एकानंही उघडला नाही. चौथ्याला सगळे शिव्या देतात, मॅडम, आणि सगळे परत येतात. तुम्ही तो किती वेळा खेळलात?”

“मोजलं नाही.”

“सत्तेचाळीस वेळा. कागद पाठवल्यानंतरसुद्धा सहा.”

मी ताठ झाले. “म्हणजे तुम्ही माझ्यावर पाळत ठेवलीत!”

“सगळ्यांवरच. फॉर्मच्या शेवटच्या पानावर लिहिलंय तसं.”

“ते अक्षर मुंगीएवढं आहे. हा दोष समजा आणि लिहून घ्या.”

त्यानं खरंच लिहून घेतलं. मग म्हणाला, “जिंकल्यावरही एवढ्या वेळा कशासाठी?”

काय सांगणार? न मारता फाटक उघडतं का, ते पाहत होते. तलवार खाली ठेवून उभी राहिले, तरी ती मारते. वेळेआधी परतून पाहिलं, तरी मारते. दिवे लागेपर्यंत नुसती समोर थांबले, तरीही मारते. तिला दुसरं काही शिकवलेलंच नाही. बिचारीचा त्यात काय दोष, असंही एकदा मनात आलं.

त्याला एवढंच म्हटलं, “तपासणी पूर्ण करायची माझी पद्धत आहे.”

“चौथा राहतोय,” तो म्हणाला. “एका अटीवर. तुमच्याच पानांवरून घेतलीय ती. त्या भागात बोलायचं बटण द्यायचं आणि मुलगी बोलली की राखणदारणीनं उत्तर द्यायचं. सोमवारपर्यंत लिहून आलं नाही तर मात्र पाचवा.”

निघताना दाराशी दाढीवाला सोमवारची वाट न पाहताच खोक्यात पुस्तकं भरताना दिसला. मला पाहून त्यानं नमस्कार केला, “ताईंच्या आई ना?” म्हणाला. पाचवा भाग तेवढा खरंच त्याचा होता; माझे नऊ गुण त्याच्या काही कामी आले नाहीत. मनातून त्याच्यावर नाही नाही ते आरोप केले होते, म्हणून खोक्याचं एक टोक धरलं आणि तीन मजले उतरवून दिलं. गुडघा दुखतो आहे.

रविवार, २४ मार्च

लेक सकाळीच आली. डोळे सुजलेले. वहीत पाच-सहा पानं खोडलेली.

“उद्या द्यायचंय आणि सुचत नाहीये,” म्हणाली. “बटण दाबल्यावर मुलगी म्हणते, ‘मी जातेय. उशीर होईल.’ एवढं झालं. आता ती काय म्हणेल? मी लिहिते ते सगळं खोटं वाटतं. एकदा रडवली तिला, एकदा माफी मागायला लावली.”

“माफी? फाटकात उभं राहून? शक्य नाही.”

“मग तू सांग.”

मी प्रयत्न केला. ‘कितीला येशील?’ ते तर आहेच. ‘कोणाबरोबर?’ हा चौकशीचा सूर झाला. ‘जा, तुझं तू बघ.’ हे मी स्वतःच खोडलं. हे कोड्यातून डोकं वर काढून म्हणाले, “‘जेवण झाकून ठेवते’ म्हणू दे.” दोघींनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. ते परत कोड्यात गेले.

जेवणानंतर भांडी पुसता पुसता ती म्हणाली, “तुझी चौदा पानं मालकांनी मला वाचायला दिली. तुझ्या परिचयातल्या त्या रेक्टरबाई. त्यांनी हे कुणाला सांगितलं का नाही?”

“कोणी विचारलं नाही.”

“मी विचारतेय.”

मी ताट तिच्या हातात दिलं. ते तिनं पुसलं. दुसरं दिलं, तेही पुसलं. मग मी सांगितलं. फाटक, मुलगी, तिचं छान कारण, तिसरा दिवस, फोन. कागदावर जे घातलं नव्हतं तेही: त्या मुलीचं नाव. लेकीनं मध्ये एकदाही ‘हं’ म्हटलं नाही. सांगून झाल्यावर तिनं माझा ओला हात आपल्या हातात धरला आणि तसाच ठेवला. किती वेळ, ते घड्याळात पाहायचं राहिलं.

सात वाजत आले तरी ते उत्तर काही लिहून झालं नव्हतं. शेवटची बस सव्वासातची, तिथून पुढे चालत जायचं.

“होईल काहीतरी,” ती म्हणाली. वही पिशवीत टाकली आणि दाराशी गेली. “मी जाते, आई.”

“पोचलीस की कळव,” मी म्हटलं.

ती एक चप्पल घालून तशीच उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीला टेकून वही काढली, काहीतरी खरडलं आणि मिटली.

“काय लिहिलंस?”

“काही नाही गं.”

मी वही मागितली नाही. दुसरी चप्पल घाल, बस चुकेल, एवढंच म्हटलं.

पावणेआठला फोन वाजला. एकच शब्द होता: पोचले.